बिघडलं तर उघडणार कोण?

आमच्या ऑफिसात दर जुलैत नवी मुलं येतात. निम्मी एमएस युनिव्हर्सिटीची, म्हणजे सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेल्या कलाभवनातली, बाकीची सुरत-नागपूरकडची. त्यांचा सबसीचा, म्हणजे समुद्रतळावरच्या तेल-गॅस यंत्रणेचा, पहिला आठवडा मी घेते. बडोद्यात बसून समुद्राच्या तळाचं शिक्षण, यावर दांडिया बाजारातल्या आमच्या घरात अजून चेष्टा चालते. "मुलांना सूरसागर तलावात उतरवणार का गं?" असं सासूबाई दरवर्षी विचारतात.

मुलांना आल्याआल्या नावं हवी असतात. ट्री (विहिरीच्या तोंडावरचा व्हॉल्व्हचा संच), मॅनिफोल्ड, जंपर, अंबिलिकल (केबल आणि बारीक नळ्यांचा जुडगा), रायझर. वहीत भराभर उतरवून घेतात. नावं दोन दिवसांत तोंडात बसतात, त्यात काही राम नाही. मी फळ्यावर आधी एवढंच लिहिते: हे बिघडलं तर उघडणार कोण?

मुंबई हायला पाणी साधारण ७५ मीटर. तिथे पाणबुडे उतरतात, शिवाय बरंचसं सामान वर प्लॅटफॉर्मवरच असतं. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातली गोष्ट निराळी. तिथल्या केजी-डी६ ब्लॉकमधून २००९ मध्ये गॅस सुरू झाला. त्याच ब्लॉकमधलं आर क्लस्टर हे गॅसक्षेत्र २०२० च्या डिसेंबरात सुरू झालं, ते २००० मीटरहून खोल पाण्यात. दर १० मीटरला एक वातावरण दाब वाढतो, तेव्हा तिथला दाब काढा म्हटलं की वर्ग गप्प होतो. तिथे पाणबुड्या नाही, जातो आरओव्ही: केबलला बांधलेलं यंत्र, पुढे दोन यांत्रिक हात, चालवणारा वर जहाजात.

हे एकदा डोक्यात बसलं की ड्रॉइंग वाचता येऊ लागतं. व्हॉल्व्हच्या तोंडाशी ती गोल बकेट का? आरओव्हीचं व्हॉल्व्ह फिरवणारं टॉर्क टूल तिच्यात बसतं, आणि टॉर्कच्या वर्गाप्रमाणे तिचं माप ठरलेलं असतं. व्हॉल्व्हना हुकूम देणारं कंट्रोल मॉड्यूल वेगळं उचलता का यावं? कारण त्याच्यासाठी अख्खी ट्री वर आणणं परवडत नाही. हायड्रॉलिक दाब गेला की स्प्रिंगने व्हॉल्व्ह बंद का व्हावा? याचं उत्तर मुलं स्वतःच देतात.

माझा आवडता दिवस हायड्रेटचा. तळाशी पाणी ४ अंशांच्या आसपास. त्या थंडीत, एवढ्या दाबाखाली, गॅस आणि पाणी मिळून बर्फासारखा घट्ट पदार्थ तयार होतो, शून्याच्या बराच वर. "मॅडम, शून्याच्या वर बर्फ कसा?" हा प्रश्न ठरलेला. मग मी २०१० च्या मॅकोंडोची गोष्ट काढते. मेक्सिकोच्या आखातात सुमारे १५०० मीटर खोल पाण्याच्या तळाशी असलेल्या विहिरीतून तेल उसळत होतं. ते धरायला मे महिन्यात पोलादाची भलीमोठी पेटी खाली सोडली. आत हायड्रेट साचलं, वरचं तोंड चोंदलं, आणि हायड्रेट पाण्याहून हलकं असल्यामुळे पेटीच वर उचलली जाऊ लागली. तो उपाय सोडून द्यावा लागला.

म्हणून विहिरीच्या तोंडाशीच हायड्रेट जमू न देणारं मोनोइथिलीन ग्लायकॉल सोडतात. अंबिलिकलमधून किंवा वेगळ्या पाइपातून ते खाली जातं, गॅसबरोबर परत येतं, पाणी काढून पुन्हा वापरतात. पण खरी कसोटी लाइन बंद पडल्यावर लागते. वाहता गॅस विहिरीची ऊब घेऊन येतो. थांबला की पाइप समुद्राएवढा गार होऊ लागतो. नव्या मुलांचं गणित बहुधा चालू लाइनचं असतं. बंद लाइनचं कोणी स्वतःहून करून आणलं, तर त्याचा लिलो चेवडो माझ्याकडून.

गंज, ॲनोड, पेंटिंग हे एका दुपारीत उरकते. फक्त एवढं बजावते की ॲनोड लावून गंज रोखणारं कॅथोडिक संरक्षण अति झालं तर डुप्लेक्स जातीच्या पोलादात हायड्रोजन शिरून तडे जाऊ शकतात. जास्त म्हणजे चांगलं, असं इथे नाही.

कंपन्यांचे चकचकीत ॲनिमेशन मी दाखवत नाही. त्यात पाणी काचेसारखं आणि सगळं नवंकोरं. आरओव्हीचं खरं चित्रण लावते: तळाला धक्का लागला की गाळ उठतो, काही दिसेनासं होतं, आणि मध्येच एखादा मासा कॅमेऱ्यापुढे ठाण मांडतो.

यंदाच्या मुलांनी विचारलं, येण्याआधी काय वाचावं? व्हॉल्व्हचे प्रकार, एखादं साधं हायड्रॉलिक सर्किट, पोलादाबद्दलचा मटेरियल सायन्सचा धडा. एपीआय १७डी, म्हणजे सबसी ट्री आणि विहिरीच्या तोंडाच्या सामानाचं मानक, आम्ही इथे एकत्र वाचू. पायथन नंतर.