संभाजीनगर ते पासीघाट: हंपवर पडलेल्या विमानांच्या मागावर

आसामातल्या दिब्रुगडचा विमानतळ म्हणजे मोहनबारी. उतरलेले प्रवासी बॅगांच्या पट्ट्याकडं पळतात, पण या सहलीतली बघायची पहिली जागा हा विमानतळच आहे. दुसऱ्या महायुद्धात इथून आणि आसामातल्याच चबुआ, दिनजान, सूकरेटिंग, जोरहाट, तेजपूर या तळांवरून अमेरिकेची मालवाहू विमानं चीनमधल्या कुनमिंगला जायची. १९४२ च्या एप्रिलअखेर ब्रह्मदेशातलं लाशिओ जपान्यांच्या हाती पडलं आणि चीनकडं जाणारा रस्ता तुटला. मग पेट्रोल, दारूगोळा, ट्रकचे सुटे भाग, सगळं हवेतून. मधल्या डोंगररांगांना वैमानिक 'हंप' म्हणायचे. १९४५ च्या नोव्हेंबरपर्यंत सुमारे साडेसहा लाख टन माल पलीकडं गेला. त्यापायी ५९४ विमानं गेली, १,६५९ माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. जवळपास बाराशे जण जंगलातून जिवंत बाहेर आले, हेही तेवढंच खरं.

मी चिकलठाण्याच्या एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून निवृत्त झालो. गाड्यांची बॉडी बांधण्यात उमेदीची वर्षं गेली. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, पत्रे जोडणारे रिव्हेट आणि शेजारच्या विमानतळावरून उडणाऱ्या विमानांचा आवाज, एवढंच आमचं जग. त्यामुळं अरुणाचलमधल्या पासीघाटला या पडलेल्या विमानांचं संग्रहालय झालंय असं भाच्यानं सांगितल्यावर घरात फार चर्चा झाली नाही. आमच्या सौभाग्यवती तेवढं म्हणाल्या, "अहो, लोक काशीला जातात, तुम्ही भंगार बघायला निघालात." पण आल्या सोबत.

जायचं कसं

संभाजीनगरहून दिल्लीला विमान आणि तिथून दिब्रुगडला दुसरं विमान, हा सोपा मार्ग. नांदेड, लातूर, परभणीकडच्यांना हैदराबादही जवळ पडतं. तिथून कोलकाता किंवा गुवाहाटी करून पुढं. रेल्वेनं जायचं तर मनमाड किंवा भुसावळ गाठा आणि गुवाहाटीकडं जाणारी गाडी धरा. दोन-अडीच दिवस डब्यात काढायची तयारी ठेवा. ज्येष्ठांनी जाताना विमान आणि येताना रेल्वे असं करू नये. उलट करा, कारण परतताना माणूस थकलेला असतो.

अरुणाचलला जायला आपल्यालाही इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरायचा परवाना, लागतो. तो ऑनलाइन निघतो. फोटो, आधार आणि मुक्कामाच्या तारखा भरायच्या. तारखा दोन दिवस जास्तीच्या टाका, कारण तिकडं पावसानं रस्ता अडला की आपलं वेळापत्रक कुणी विचारत नाही. परमिटच्या छापील प्रती काढून ठेवा. आसाम-अरुणाचल सीमेवरच्या रुक्सिनच्या नाक्यावर मोबाइल दाखवण्यापेक्षा कागद दिला की काम झटपट होतं.

दिब्रुगडहून टॅक्सी केली की आधी बोगीबीलचा पूल लागतो. २०१८ च्या डिसेंबरमध्ये तो सुरू झाला. जवळपास पाच किलोमीटर लांब, खाली रेल्वे, वर रस्ता. त्याआधी गाड्यासुद्धा बोटीत घालून ब्रह्मपुत्रा ओलांडावी लागायची. पैठणला धरणाचे सगळे दरवाजे उघडल्यावर गोदावरीचं पाणी बघायला आपण जत्रेसारखी गर्दी करतो. इथं तेवढं पाणी कोरड्या दिवसांत निवांत वाहत असतं आणि वळून कुणी बघत नाही. पुढं सिलापथार, जोनाई, रुक्सिन आणि पासीघाट. टॅक्सी ठरवताना येण्याजाण्याचं, थांबण्याचं आणि ड्रायव्हरच्या मुक्कामाचं आधीच बोलून घ्या. भाषेची काळजी नको. अरुणाचलात हिंदी सगळीकडं चालते, आणि आपल्या मराठवाड्यातल्या हिंदीपेक्षा ती काही वाईट नाही.

संग्रहालय

हे संग्रहालय २०२३ च्या २९ नोव्हेंबरला सुरू झालं. मुख्यमंत्री पेमा खांडू आणि अमेरिकेचे राजदूत एरिक गार्सेटी उद्‌घाटनाला होते. मुंबई-दिल्लीच्या संग्रहालयाची अपेक्षा ठेवून जाऊ नका. डोंगरातून माणसांनी पाठीवर वाहून आणलेल्या वस्तू इथं आहेत: ऑक्सिजनचे सिलिंडर, मशीनगन, विमानाच्या अंगाचे तुकडे. भराभर बघणाऱ्याचं अर्ध्या तासात उरकतं. मला तिथून भाच्यानं ओढून बाहेर काढलं.

कारण रिव्हेट. एका पत्र्यावर रिव्हेटच्या दोन ओळी अजून जशाच्या तशा होत्या, डोकी गुळगुळीत, अंतर सारखं. अमेरिकेतल्या कुठल्या तरी कारखान्यात कुणीतरी हातानं नीट काम केलेलं. त्याच पत्र्याच्या दुसऱ्या टोकाला रिव्हेटची डोकी उडालेली आणि भोकं एका बाजूला ताणून लांबट झालेली. भोक असं लांबट होतं ते एकदम जबर ओढ बसल्यावर. गंजून किंवा कुजून तसं होत नाही. आणि तिसरी कड अगदी सरळ, ती धक्क्याची नाही. ती मागाहून कुणीतरी दावनं कापलेली. दाव म्हणजे तिकडच्या प्रत्येक माणसाच्या कमरेला असणारा लांब कोयता. पडलेल्या विमानांचं अ‍ॅल्युमिनियम वर्षानुवर्षं गावकऱ्यांनी काढून नेलं, भंगारात विकलं. यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. आपल्या शिवारात विमान पडलं असतं तर आपण काय केलं असतं, बाप्पा?

आता जो प्रश्न मला गप्प बसू देत नव्हता तो असा, की एवढी विमानं पडली का? सगळ्यांना वाटतं जपान्यांनी पाडली. काही पाडली, पण बहुतेकांना हवेनं, बर्फानं आणि यंत्रानं खाल्लं. सी-४६ हे तिथलं मोठं मालवाहू विमान घाईघाईनं तयार करून पाठवलेलं होतं. पेट्रोलची वाफ होताना इंजिनासाठी हवा-पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर गार पडतो, हे कुठल्याही मेकॅनिकला माहीत असतं. दमट ढगात शिरल्यावर त्यातच बर्फ धरायचं आणि इंजिन गुदमरायचं. दुसरा दोष त्याहून वाईट. गळणारं पेट्रोल पंख जिथं धडाला जोडतो तिथं साचायचं, आणि एक ठिणगी पुरे. मे १९४३ ते मार्च १९४५ या काळात सी-४६ हवेत पेटल्याच्या किंवा फुटल्याच्या ३१ घटना नोंदल्या गेल्या. नुसतंच 'बेपत्ता' म्हणून लिहिलेली वेगळी. पुढं तिथं हवा खेळती राहील अशी सोय केली. हे काम सुरुवातीलाच व्हायला हवं होतं. आमच्याकडं डिझेलची टाकी अशी गळली असती तर सुपरवायझरनं गाडी गेटबाहेर सोडली नसती.

पण तिथं गेटबाहेर सोडायचा दबाव होता. टनांचा आकडा वर गेला पाहिजे! टॉमस हार्डिन हे अधिकारी या वाहतुकीवर प्रमुख म्हणून आले तेव्हा त्यांनी रात्रीची उड्डाणं सुरू केली, हवा कशीही असो विमान निघालं पाहिजे असा खाक्या ठेवला. आकडा वाढला आणि अपघातही वाढले. १९४४ च्या सप्टेंबरात त्यांच्या जागी विल्यम टनर आले. त्यांनी वैमानिकांच्या शिस्तीबरोबर वर्कशॉप हातात घेतलं. एकाच टोळीनं विमानाचं सगळं काम करण्याऐवजी विमान एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर सरकवायचं, प्रत्येक ठाण्यावर ठरलेलं एकच काम, ते करणारी माणसं त्यात तयार झालेली. आमच्या कार्यशाळेत चासिस एका सेक्शनमधून दुसऱ्यात जायची ती अशीच. माल वाढत गेला आणि तरी उड्डाणांच्या मानानं अपघात घटले. जुलै १९४५ मध्ये एका महिन्यात ७१,००० टन हवेतून गेले. त्याच महिन्यात आसामातल्या लेडोहून चीनला काढलेल्या नव्या रस्त्यानं जेमतेम ६,००० टन. या सगळ्या कथेत शाबासकी वैमानिकांना मिळते, ती मिळालीच पाहिजे. पण हात काळे केलेल्या माणसांनी किती जीव वाचवले, त्याची दखल फार कमी घेतली जाते असं माझं मत आहे.

अर्थात वर्कशॉपचाही इलाज चालत नाही अशा रात्री असतात. १९४५ च्या ६ आणि ७ जानेवारीच्या मधल्या रात्री हंपवर असं वादळ झालं की डझनाहून अधिक विमानं परत आलीच नाहीत. त्यातलंच कुनमिंगहून निघालेलं एक सी-४६, आत १३ माणसं, अरुणाचलच्या डोंगरात सापडलं ते २०२१ च्या डिसेंबरात.

विमान पडलेल्या जागी जावं का

भाच्याची फार इच्छा होती. मी स्पष्ट नाही म्हटलं, आणि तुम्हालाही तेच सांगतो. ते १३ जणांचं विमान शोधणारे अमेरिकेतले क्लेटन कूल्स अनेक वर्षं हेच काम करतात. त्यांच्या या मोहिमेच्या आधीच्या प्रयत्नात, २०१८ च्या सप्टेंबरात, बर्फाच्या वादळात तीन स्थानिक वाटाडे थंडीनं गेले. जन्म त्याच डोंगरात काढलेली माणसं होती ती. अगदी अलीकडचं बघा: जून २०१९ मध्ये आपल्या हवाई दलाचं एएन-३२ हे मालवाहू विमान जोरहाटहून मेचुकाला निघालं आणि याच डोंगरांत पडलं. १३ जण होते. हेलिकॉप्टर, उपग्रह सगळं असून अवशेष दिसायला आठ दिवस लागले, आणि वर उतरवलेल्या पथकाला हवामानानं पुढं कित्येक दिवस तिथंच अडकवून ठेवलं.

दुसरं कारण असं की त्यातल्या कितीतरी जागा म्हणजे अजून न उचललेल्या कबरी आहेत. कुनमिंगहून चबुआला येताना २५ जानेवारी १९४४ ला 'हॉट अ‍ॅज हेल' नावाचं बी-२४ गायब झालं. तसं ते बाँबर, पण त्या दिवशी रसदीच्या कामावर होतं. आत आठ जण. २००६ मध्ये कूल्स यांना ते दामरोच्या वरच्या डोंगरात सापडलं. २०१५ मध्ये अमेरिकेच्या पथकानं तिथं खोदकाम केलं, आणि २०१७ मध्ये त्यातल्या रॉबर्ट ऑक्सफर्ड या लेफ्टनंटची ओळख पटून जॉर्जिया राज्यातल्या त्याच्या गावी दफन झालं. तब्बल ७३ वर्षांनी. एखाद्या तुकड्यावरचा क्रमांकसुद्धा अशा घराला खबर देऊ शकतो. म्हणून कुणी 'विमानाचा तुकडा घ्या साहेब' म्हणालं तरी घेऊ नका.

डोंगर मात्र जरूर बघा. पासीघाटहून वर सियांगच्या काठानं गाडीनं जमेल तितकं जा. आदी लोकांची गावं, वेताचे-तारांचे झुलते पूल, आणि दुपारी कुठूनसे उतरणारे ढग. समोरचा डोंगर आत्ता होता आणि आता नाही, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की रडार नसलेल्या विमानात काय होत असेल ते कळतं. वर नवरात्रातल्या घटासारखी दाट झाडी... आमच्या सौभाग्यवतींनी इथं पहिल्यांदा विचारलं, "यातून ते बाराशे लोक चालत आले?" चालत आले, पण एकटे नाहीत. २ ऑगस्ट १९४३ ला एका सी-४६ मधून एरिक सेवराइड हे रेडिओचे वार्ताहर आणि बाकीच्यांनी नागा डोंगरात हवाई छत्रीनं उड्या टाकल्या. एकवीसपैकी वीस वाचले. तिथल्या नागा लोकांनी त्यांना आधार दिला आणि मोकोकचुंगचे ब्रिटिश अधिकारी फिलिप अ‍ॅडम्स त्यांना बाहेर घेऊन आले.

बाकीच्या कामाच्या गोष्टी

ऑक्टोबर ते मार्च हाच काळ. पावसाळ्यात जाऊ नका, दरडी आणि जळवा दोन्ही भेटतील. डिसेंबरात साडेचारलाच अंधारून येतं, म्हणून पहाटे निघा, आणि संग्रहालयाची वेळ आदल्या दिवशी हॉटेलवाल्याकडून विचारून घ्या. रोख पैसे जवळ असू द्या.

शाकाहारी मंडळींनी चटणी, शेंगदाण्याचा कूट, दशम्या सोबत घ्याव्यात. भात, डाळ आणि उकडलेली भाजी सगळीकडं मिळते, पण चव आपली नाही. बांबूच्या कोंबाचा वास पहिल्या दिवशी नको वाटतो. कुणी आपाँग पुढं केला तर तो तांदळाचा मद्यप्रकार आहे हे माहीत असू द्या. माळकऱ्यांनी हात जोडले तरी कुणी रागावत नाही.

चबुआ आणि दिनजान आज लष्कराच्या ताब्यात आहेत. रस्त्यावरूनच पुढं जायचं, फोटो काढायचा नाही. एक दिवस जास्त असेल तर दिग्बोई करा. जुना तेलशुद्धीकरण कारखाना आहे आणि युद्धातल्या मृतांची नीटनेटकी दफनभूमी. थडग्यांवरची वयं वाचताना वेळ लागतो. तिथून पुढं लेडोला कुनमिंगपर्यंतच्या १,७३६ किलोमीटरच्या रस्त्याची सुरुवात आहे.

जाता जाता एक आपल्याकडची गोष्ट. ब्रिटिश हवाई दलाच्या १५२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या नावात 'हैदराबाद' होतं, बिल्ल्यावर निजामाची पगडी होती, आणि १९४३ च्या अखेरीस ते याच ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आलं. निजामानं पैसे दिले म्हणून ते नाव. त्या खजिन्यात आपल्या आजोबा-पणजोबांचा शेतसाराही होताच. ही गोष्ट मी दिग्बोईच्या रस्त्यावर ड्रायव्हरला सांगितली, तर तो म्हणाला, मग तुम्हीपण थोडे मालकच की!

परतीचं विमान दुपारनंतरचंच घ्या. हिवाळ्यात मोहनबारीला सकाळी धुकं असतं आणि पहिली विमानं हमखास रखडतात. दिल्लीहून संभाजीनगरचं विमान त्याच दिवशी धरायचं असेल तर मधे चार तास तरी ठेवा.