गुलबक्षी नोंद 3 : उंचीचा उलगडा होत आला, रंगाचा बाकी

गुलबक्षीच्या उंचीत आणि रंगात उजेडाचा वाटा किती नि वारशाचा किती, हे कुंड्यांत पाहतो आहे. उन्हातली आणि जाळीखालची रोपे एकाच गड्ड्याच्या तुकड्यांची, म्हणजे वारसा तोच. तरी 50 टक्के सावलीच्या जाळीखाली पेरे लांबली, पाने पातळ आणि रुंद झाली, फुले कमी आली. रंग मात्र दोन्हीकडे सारखाच. आता कुंड्यांची अदलाबदल केली आहे. फरक उजेडाचाच असेल तर नवा फुटवा नव्या जागेसारखा यायला हवा. जुनी पेरे काही आखूड होणार नाहीत, म्हणून मोजमाप खूण केलेल्या पेराच्या वरचेच घ्यायचे.

पहिली खेप बाद केली, कारण तुकडे लहानमोठे होते. मोठ्या तुकड्यात साठा जास्त, त्यामुळे एकाच उजेडातही रोपे उंच जातात. दुसऱ्या खेपेत प्रत्येक तुकडा 40 ग्रॅमचा घेतला आणि प्रत्येकावर खोडाच्या तळाचा डोळा राखला. नुसत्या मुळाला फुटवा येत नाही. काप एक दिवस सावलीत सुकवले. माती 2, गांडूळखत 1, वाळू 1 असे एकाच ढिगात कालवून 10 इंची कुंड्या भरल्या. पाणी मापाने सारखे देऊ नका! उन्हातली कुंडी लवकर वाळते आणि उजेडाच्या फरकात तहानेचा फरक मिसळतो. वरची 2 सेंमी माती कोरडी झाली की द्यायचे.

रंग वारशाने कसा येतो ते पाहायला संकर करायचा : पांढऱ्या फुलांचे झाड आई, लाल फुलांचे झाड बाप. उलटे करू नये : पांढऱ्या आईला पांढरेच रोप झाले तर स्वपरागण (स्वतःच्याच परागाने बी धरणे) झाल्याचे लगेच कळते, संकर गुलाबी निघतो. फुले साधारण चारला उमलतात, म्हणून दुपारी दोनलाच कळी सुईने चिरून पाचही परागकोश चिमट्याने काढायचे. संध्याकाळी लाल फुलाचे पराग लावून मलमलची पिशवी बांधायची. चार-पाच फुले परागकोश काढून तशीच पिशवीत ठेवा. त्यांना बी धरले तर हात उशिरा पोचतोय. लाल झाडात पिवळ्याचा अंश असेल तर पुढे केशरी छटा येतात आणि पुढच्या पिढीतले लाल, गुलाबी, पांढरे यांचे 1:2:1 प्रमाण बिघडते.

एका फुलाला एकच बी, त्यामुळे काम चिकाटीचे. गुलाबी रोपांच्या स्वपरागित बियांतून निदान 40 रोपे हवीत, अपेक्षा 10 लाल, 20 गुलाबी, 10 पांढरी. आठ रोपांवरून काहीच ठरत नाही.

चट्टेरी पानांच्या झाडाचे बी फांदीनिहाय वेगळे ठेवा. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल कॉरेन्सने 1909 मध्ये दाखवले तसे पानांच्या या रंगात पराग कुणाचा याला महत्त्व नाही, बी कुठल्या फांदीवर धरले ते महत्त्वाचे. पांढऱ्या पानांच्या फांदीची रोपे हरितद्रव्य नसल्याने बियातला साठा संपला की मरतात. तो रोग समजून औषध मारू नका.