कोणता अर्धा इंच?

वाशी-नेरूळच्या जुन्या इमारतींत बाथरूमचं काम निघालं की हार्डवेअरच्या दुकानात तीन-चार फेऱ्या ठरलेल्याच. माल चुकतो तो बहुतेक वेळा ‘अर्धा इंची द्या’ एवढंच सांगितल्यामुळे.

जीआय म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपचा अर्धा इंच हा आतल्या व्यासाचा, तोही नावापुरता. बाहेरून मोजला तर २१.३ मिमी भरतो. शेड्यूल (जाडीचा आकडा) ४० किंवा ८० चा यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकचा पाइप, बाहेरून तेवढाच. सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याला चालणारा प्लास्टिकचा पाइप, मात्र तांब्याच्या नळीच्या मापाने बनतो: अर्धा इंच बाहेरून १५.९ मिमी, पाऊण इंच २२.२. त्यामुळे पाऊण इंची सीपीव्हीसीला मोजपट्टी लावली की तो जीआयचा अर्धा इंची वाटतो, आणि चुकीचा कपलर (दोन पाइप जोडायचा तुकडा) घरी येतो. पाइपवर छापलेलं वाचा, नाहीतर सरळ कापलेला तुकडाच न्या. मिस्त्री ‘चार सूत’ म्हणाले तर अर्धा, ‘सहा सूत’ म्हणजे पाऊण.

जाडीच्या आकड्यांचा तर उलटाच कारभार. शेड्यूलचा आकडा मोठा तर पाइप जाड. एसडीआर म्हणजे बाहेरचा व्यास भागिले जाडी, तो मोठा तर पाइप पातळ. म्हणून सीपीव्हीसीत एसडीआर ११ हा १३.५ पेक्षा दणकट. पत्र्याच्या गेजचंही तसंच, १६ गेज २० गेजपेक्षा जाड.

आता गळतीचा मुद्दा, कारण ‘अर्धा इंची आटे’ असलेले जोड दोन जातीचे. एकात पाणी आटेच अडवतात: भिंतीतला एल्बो (काटकोनी जोड) आणि नळ. इथे बाहेरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप लागते, टोकाकडून बघितल्यावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. उलटी गुंडाळली तर आवळताना सुटून येते. दुसऱ्यात पाणी अडवतो तो वायसर, म्हणजे रबरी चकती, जसा गीझरच्या कनेक्शन पाइपच्या नटमधला. तिथे टेपचे दहा वेढे मारले तरी वायसर कडक झालेला असेल तर गळणारच. वायसर बदला. पाना जोर लावून फिरवू नका, नट फाटतो.

नुसता ‘वायसर’ मागितला तर दुकानदार नट-बोल्टचाही देईल. क्वार्टर-टर्न नळ टपकत असेल तर वायसर मागूच नका. त्यात सिरॅमिक डिस्कचं कार्ट्रिज असतं, ते जुनं काढून सोबत न्यावं.

जुन्या टाइल्सवर नव्या बसवल्या की एल्बो आत जातो आणि नळाचे आटे पोहोचत नाहीत. इथे साधा निपल (आट्यांचा छोटा पाइप) चालत नाही, त्याला दोन्हीकडे बाहेरचे आटे असतात. लागतो एक्स्टेन्शन निपल: एका टोकाला बाहेरचे, दुसऱ्याला आतले. किती लांब हवा ते टाइलच्या पृष्ठभागापासून मोजा. गॅरेजमध्ये निपल म्हणजे ग्रीस भरायचा, तो विषयच वेगळा.

सॉकेटचं तेच. जीआयवाल्याकडे पाइप जोडायचा तुकडा, इलेक्ट्रिशियनकडे प्लग खुपसायची जागा, गॅरेजात पान्याचं तोंड. गंमत म्हणजे अर्धा इंच खरोखर अर्धा भरतो तो याच पान्याच्या चौकोनी दांड्यात, १२.७ मिमी. आणि त्यावरचं १३ नंबरचं सॉकेट १३ मिमीच्या बोल्टचं नसतं. १३ हे डोक्याचं माप, बोल्ट एम ८, म्हणजे ८ मिमी जाडीचा.

राहिला कॉक. टाकी भरून वाहते तेव्हा बॉल कॉक मागा, तरंगता गोळा असलेला. ‘बॉल व्हॉल्व्ह’ म्हणालात तर हातात येईल पाव फेऱ्यात बंद होणारा हँडलवाला, आणि टाकी वाहतच राहील.