लॉकवाला कणकवलीला, आम्ही वागळे इस्टेटला

आमचं गेम्सचं काम वागळे इस्टेटमधून चालतं. कोड गिटमध्ये, म्हणजे फायलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रणालीत होताच, यंदा ब्लेंडर (थ्रीडी मॉडेलचं सॉफ्टवेअर) आणि फोटोशॉपच्या फायलीही तिथेच आल्या. कोडात दोघांनी हात घातला तरी ओळी जुळवता येतात. ब्लेंडरच्या फायलीत तसं नाही, एकाचं ठेवा आणि दुसऱ्याचं फेका. म्हणून गिट एलएफएसचं (मोठ्या फायलींसाठीची गिटची जोडणी) लॉकिंग घेतलं, म्हणजे एका वेळी एकानेच फाइल बदलायची; 2017 च्या 2.0 आवृत्तीपासून ते मिळतं. कुठल्या फायली एलएफएसने सांभाळायच्या ते सांगताना (ट्रॅक करताना) ‘लॉकेबल’ जोडलं की लॉक घेईपर्यंत फाइल सगळ्यांकडे रीड-ओन्ली राहते. बसवायला काहीच त्रास झाला नाही.

त्रास झाला गणपतीत. आमचा मॉडेलिंगवाला मुख्य पात्राची फाइल लॉक करून कणकवलीला गेला. काम पुश केलं होतं, म्हणजे सर्व्हरवर पाठवलं होतं बिचाऱ्याने, पण पुश केल्याने लॉक सुटत नाही, तो वेगळा सोडावा लागतो. फोन लावला तर रेंज नाही. दुसऱ्याचा लॉक जबरदस्तीने सोडवायला अनलॉकला ‘फोर्स’ लावून पाहिलं, तर सर्व्हर म्हणतो परवानगी नाही. सर्व्हर क्लायंटचा, म्हणून त्यांच्या हेल्पडेस्कला तिकीट टाकलं. उत्तर आलं: ज्याने लॉक घेतला त्यानेच सोडावा. अहो, तोच तर नाहीये! पुन्हा लिहिलं, तर विचारतात ब्रांच (कामाची वेगळी शाखा) कोणती. त्यांच्या सर्व्हरवर लॉक फाइलच्या पाथवर (फोल्डरसकट नावावर) बसतो, ब्रांच कुठलीही असो. हे स्क्रीनशॉटसकट समजावलं. मग शनिवार-रविवार आला आणि ‘प्रतिसाद नाही’ म्हणून तिकीट आपोआप बंद! प्रतिसाद कुणाचा नव्हता, ते विचारू नका.

तेवढ्यात ऑफिसात एकाने सुचवलं, रीड-ओन्ली काढ आणि कर काम सुरू. काम करता येतं हो, पण पुशच्या वेळी हुक (आपोआप चालणारी स्क्रिप्ट) लॉक तपासतो आणि परत पाठवतो. ती तपासणी आपल्या मशीनवर बंदही करता येते. पण मग लॉकिंगचा उपद्व्याप केलाच कशाला?

शेवटी हेल्पडेस्क सोडला आणि क्लायंटच्या प्रोजेक्ट मॅनेजरना थेट फोन केला. त्यांनी मेंटेनर हक्क (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याचे जादा अधिकार) असलेल्या मुलीला जोडून दिलं. तिने लॉकचा आयडी विचारला, तेच फोर्स अनलॉक चालवलं आणि फोनवर असतानाच लॉक सुटला. एवढ्यासाठी सगळा सण गेला.

आयडी ‘गिट एलएफएस लॉक्स’ या कमांडने मिळतो, कुणाच्या नावावर काय अडकलंय तेही दिसतं. गावी जाणाऱ्याच्या निघण्याआधी ती यादी बघा. लॉक घेण्याआधी पुल करा, म्हणजे सर्व्हरवरचं ताजं उतरवून घ्या, कारण लॉक घेतला म्हणून ताजी फाइल येत नाही. आणि फोर्सचा हक्क आपल्याच टीममध्ये दोघांना तरी मागून घ्या, तोही ‘लॉकेबल’ लिहिण्याआधी, लेखी.

हो, एक राहिलं. नव्या मशीनवर फाइल उघडेना आणि आत तीन ओळींचा मजकूर दिसला, तर फाइल बिघडलेली नाही. बहुधा ‘गिट एलएफएस इन्स्टॉल’ राहिलंय. ते करून ‘गिट एलएफएस पुल’ मारा.