भरतीची वाट न बघता उरण

बाबांचा हिशोब तिथीवर चालायचा. तिथीची पाऊणपट केली की भरती किती वाजता भरणार ते कळतं. द्वितीया असेल तर दोनाचे दीड, अष्टमी असेल तर आठाचे सहा. सहा तास इकडे, सहा तास तिकडे गेलं की ओहोटी. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचा खाडा कोपऱ्यात आणि भरतीची वेळ मधोमध, पेन्सिलीने. कारण उरणच्या माणसाची मुंबई पाण्यापलीकडे. मोरा बंदरात लाँच धरायची आणि तासाभराने भाऊच्या धक्क्यावर उतरायचं. मोऱ्याला गाळ फार. ऐन ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही, मग ती पाण्यात उभी आणि माणसं काठावर उभी.

बाबा माझगावच्या बाजूला कामाला होते आणि असं जवळपास तीस वर्षं त्यांनी ये-जा केली. एका गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री लाँच बाहेरच अडकली तेव्हा ते होडीतून आणि मग गुडघाभर चिखलातून घरी आले होते. डोक्यावर मखराच्या सामानाची पिशवी होती, तिला पाण्याचा थेंब लागला नव्हता.

हे सगळं आठवायचं कारण, शनिवारी, १३ जानेवारी २०२४ ला, मी आयला घेऊन लोकलने उरणला गेले. बाबा असते तर कॅलेंडर बघून म्हणाले असते, पौष शुद्ध द्वितीया, ओहोटी साडेसातला, सकाळची लाँच धरू नका.

आय दीड महिना माझ्याकडे चेंबूरला होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. संक्रांत सोमवारी, भोगी रविवारी, आणि भोगीची भाजी आपल्याच चुलीवर व्हायला हवी हा तिचा हट्ट. शुक्रवारी दुपारी टीव्हीवर अटल सेतूचं उद्घाटन चाललं होतं. त्याच कार्यक्रमात खारकोपर ते उरण या मार्गालाही पंतप्रधानांनी हिरवा झेंडा दाखवला. आय टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली. "उरनशी गारी सुटली?" तिने दोनदा विचारलं. आमच्या आगरीत गाडीची गारी होते. मी हो म्हटलं. तर म्हणाली, "मंग उद्या त्याच गारीनं चल."

चेंबूरहून पनवेल लोकल. वाशीच्या खाडीवरचा पूल लागला आणि मला उगाच हिशोब करावासा वाटला. हार्बरची लोकल खाडी ओलांडून वाशीला पोचली १९९२ मध्ये. तेव्हा मी कॉलेजात होते आणि उरणला बातमी होती की आता आपल्याकडेही येणार. नेरूळ–उरण मार्ग मंजूर झाला, काम सुरू झालं, थांबलं, पुन्हा सुरू झालं. ११ नोव्हेंबर २०१८ ला गाडी खारकोपरपर्यंत आली. तिथून पुढे रिक्षा, किंवा जुईनगरहून बस, आणि बस म्हणजे बंदराच्या रस्त्यावर कंटेनरच्या ट्रेलरांच्या रांगेत. दास्तान फाट्याच्या आसपास मी आयुष्यातले किती तास बसून काढलेत, ते मोजायची हिंमत नाही.

नेरूळला उतरलो तर उरणच्या गाडीच्या फलाटावर जत्रा. मुंबईत राहणारी, पण उरणात घर असलेली कितीतरी माणसं पहिल्याच दिवशी निघाली होती. कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या हातात लहान पोर. करंज्याकडच्या दोघी कोळणी रिकाम्या पाट्या घेऊन बसल्या होत्या. पहाटे भाऊच्या धक्क्याला मासळी उतरवून आता गाडीने परत निघाल्या होत्या. त्यातल्या एकीने आयला जागा करून दिली आणि लगेच ओळख निघाली. उरण तालुक्यात दोन बायका पाच मिनिटं शेजारी बसल्या की सोयरीक सापडतेच.

गाडी सुटल्यावर डब्यात "गणपती बाप्पा मोरया" झालं. सीवूडस-दारावे सोडलं की हा मार्ग पनवेलच्या मार्गापासून वेगळा होतो आणि पनवेलची खाडी ओलांडतो. खाली तिवरं, पाण्यावर सकाळची चमक. डावीकडे विमानतळाचं काम चाललेलं. तिथे उलव्याचा डोंगर होता. तो कापून सपाट केला, नदीचं पात्र वळवलं. या विमानतळाला आमच्या भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटलांचं नाव मिळावं म्हणून १० जून २०२१ ला मानवी साखळी झाली, त्यात माझा भाऊ उभा होता, भर पावसाळ्याच्या तोंडावर. बामणडोंगरी, खारकोपर. इथपर्यंतचं ओळखीचं. उलव्याचे टॉवर, मोकळे रुंद रस्ते, झाडं कमी.

खारकोपर सुटलं आणि डबा गप्प झाला. पुढची वाट कुणीच गाडीतून पाहिलेली नव्हती. खारकोपर ते उरण चौदा किलोमीटरच्या आसपास आहे, पण हे चौदा किलोमीटर आमच्यासाठी नुसतं अंतर नाही.

आयला मी खिडकीशी बसवलं होतं. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने ती बाहेर बघत होती आणि काहीतरी शोधत होती. आधी मला कळलं नाही. मग तिने बोट केलं. "हितं उघारी व्हती." उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातला दरवाजा. खाजणातली शेती ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते. आमच्याकडे भात समुद्राशी भांडून पिकतं. खाऱ्या जमिनीभोवती मातीचा बांध घालायचा, पावसाचं गोडं पाणी आत धरायचं, भरतीचं खारं पाणी बाहेर ठेवायचं. उघाडी भरतीला बंद, ओहोटीला उघडी. बांधाला खेकड्याने भोक पाडलं तरी अख्खं शेत जातं, म्हणून रात्री बांधावर फेरी मारायला सगळा गाव जायचा. उन्हाळ्यात त्याच बाजूला मिठागरं, ऊन चढायच्या आत मीठ ओढायचं. आयचे तळपाय अजून त्या मिठाने चिरलेले आहेत. सुती मोज्यांशिवाय ती थंडीत झोपत नाही.

आता खिडकीतून भराव दिसतो, गोदामं दिसतात, रंगीत कंटेनरांचे ढीग दिसतात. मधूनच एखादा पाण्याचा तुकडा आणि त्यात उभा बगळा. जमिनीवरची एकही खूण आयला लागत नव्हती. शेवटी तिने वर बघितलं. डोंगर जागेवर होता. डोंगराच्या उतरणीवरून तिने अंदाज बांधला, बोटाने रेघ ओढल्यासारखं केलं आणि म्हणाली, "ती कंपन्यांची पत्रं दिसतान ना, त्याच्या अलीकडं तुज्या आज्याची खाचरं." मी पत्र्यांकडे बघितलं. गाडी तोवर पुढे गेली होती.

गव्हाणच्या पुढे अटल सेतूवरून उतरणारा रस्ता डोक्यावरून गेला. त्याच दिवशी लोकांसाठी खुला झालेला. सेतू २१.८ किलोमीटरचा, त्यातला साडेसोळा किलोमीटर समुद्रावर. बांधकाम म्हणून मोठंच आहे आणि मलाही एकदा त्यावरून जायचं आहे. पण मोटारीला एका फेरीचे अडीचशे रुपये टोल, आणि दुचाकी, रिक्षा तिथे चालत नाही. पाटी घेऊन धक्क्यावर जाणारी बाई त्या पुलावरून जाणार नाही. ती या गाडीतून जाणार आहे. त्या दिवशी सगळे कॅमेरे सेतूवर होते, आणि मला मनापासून वाटतं की आमच्या तालुक्यासाठी मोठी बातमी रुळांवर होती.

मग शेमटीखार. फलाटावर रंगाचा वास अजून ओला. ही जासईची बाजू. आयने पदर नीट केला आणि हात जोडले. शेजारच्या कोळणीनेही जोडले. समोरच्या बाकावरच्या कॉलेजच्या मुलाने विचारलं, "आजी, इथं देऊळ आहे का?"

मग आयने सांगितलं. सांगताना तिचा आवाज चढला नाही, उतरलाही नाही. नवी मुंबई वसवायची म्हणून ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांची जमीन घ्यायची ठरली. भाव तुटपुंजा. दि. बा. पाटलांनी लोकांना उभं केलं. १६ आणि १७ जानेवारी १९८४, दोन दिवस पोलिसांच्या गोळ्या चालल्या आणि पाच जण गेले. आय तेव्हा पस्तिशीत होती. मोर्चात बायका पुढे होत्या, तीही होती. घरी परतताना तिची एक चप्पल हरवली होती आणि दुसरी तिने कित्येक वर्षं टाकली नाही, हे मला पहिल्यांदाच कळलं. त्याच लढ्यामुळे जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं धोरण आलं. आज राज्यात कुठेही भूसंपादनाची गोष्ट निघाली की साडेबारा टक्के हा शब्द निघतो, तो जासईच्या रस्त्यावर मिळवलेला आहे.

"म्हणजे मंगळवारी चाळीस वर्षं होतील," मुलगा म्हणाला. मोबाईलमध्ये न बघता त्याने वजाबाकी केली, ते मला आवडलं. "माझे आजोबा पण होते त्यात. मला एवढंच माहीत होतं." तो पुढे काही बोलला नाही, पण द्रोणागिरीला उतरताना आयच्या पाया पडला.

न्हावा-शेवा स्थानकात एका बाजूला बंदराकडे जाणारे मालगाडीचे रूळ दिसले. बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. तेव्हापासून देशभरातल्या मालाला इथे यायला रेल्वे होती. कंटेनर रात्रंदिवस आमच्या शेतांवरून गेले, आणि ज्यांची शेतं ती माणसं एसटीच्या थांब्यावर आणि मोऱ्याच्या धक्क्यावर उभी राहिली. हे मी कुणाला दोष द्यायला लिहीत नाही. पण गाडी आली म्हणून नुसता आनंद लिहिला आणि हे लिहिलं नाही, तर घरी तोंड दाखवता यायचं नाही.

स्थानकांच्या नावांवरूनही डब्यात बोलणं चालू होतं. ज्या गावाची जमीन त्या गावाचं नाव स्थानकाला हवं, हे गावकऱ्यांचं म्हणणं, आणि ते मला पूर्ण पटतं. शेत गेलं, बांध गेला, उघाडी गेली. नाव तरी राहू दे.

उरणला गाडी थांबली तेव्हा फलाटावर उतरणाऱ्यांपेक्षा बघायला आलेले जास्त. झेंडूची तोरणं आदल्या दिवशीची, जरा कोमेजलेली. म्हातारे-कोतारे बाकांवर बसून येणारी गाडी, जाणारी गाडी बघत होते. एक आजोबा डब्यात चढून बसून पुन्हा उतरले. जायचं कुठेच नव्हतं. आय फलाटावर उभी राहिली आणि जोडे काढले. भूमीला हात लावून तो कपाळाला लावला. तिच्या डोळ्यात औषध घालायची वेळ झाली होती, ते मी तिथेच बाकावर बसून घातलं.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. गाड्या नेरूळहून आणि बेलापूरहून, दोन्हीकडून आहेत, पण मेन लाइनसारख्या दर चार मिनिटांनी नाहीत, तेव्हा वेळ बघूनच घर सोडा. उरण स्थानक कोटनाक्याच्या बाजूला आहे, बाहेर रिक्षा मिळतात. पिरवाडीचा किनारा आणि त्यावर उभा द्रोणागिरी एका दिवसात होतो. जानेवारीत गेलात तर पोपटी खाल्ल्याशिवाय परतू नका. वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, जमलं तर कोंबडी, भांबुर्ड्याच्या पाल्यात गच्च भरलेलं मडकं उलटं घालून वर जाळ. भांबुर्ड्याचा वास शेंगांत उतरतो. आमच्याकडे शनिवारी रात्री अंगणात लावली होती. भावाने मडकं फोडलं तेव्हा शेजारची पोरं आपापल्या ताटल्या घेऊन आधीच बसलेली.

गाड्या वाढायला हव्यात, त्याही लवकर. रात्री उशिरा कामावरून येणाऱ्यांना, पहाटे मासळी नेणाऱ्या बायकांना ही गाडी पुरली तरच ती आमची. गावागावांतून स्थानकापर्यंत बस हवी. रस्त्यांवर दिवे हवेत. हे होईपर्यंत मोऱ्याची लाँचही चालू राहायला हवी. ती बंद पडली तर मला वाईट वाटेल, आणि ऐन वेळी उपयोगाची तीच असेल.

रविवारी संध्याकाळी निघताना आयने मला स्वयंपाकघरात बोलावलं. भिंतीवर नवं कॅलेंडर, बाबांच्याच खिळ्याला. दोरीला बांधलेली पेन्सिल तिने माझ्या हातात दिली. मंगळवारी, १६ तारखेला, तिला जासईला हुतात्म्यांना फूल वाहायला जायचं होतं, दरवर्षी जाते तशी. आजवर ती भावाच्या मोटारसायकलवर मागे बसून जायची.

"शेमटीखारला गारी कवा कवा हाय, ते लिही," ती म्हणाली. "मोठं लिही. आता दिसतंय मना."