दमसास आणि सहावीचे दुसरे सत्र

माझा मुलगा ह्यूस्टनच्या पश्चिमेकडील एका उपनगरात सहावीत शिकतो. त्याच्या शाळेत पाचवी आणि सहावी या दोनच इयत्ता आहेत. टेक्ससमधील काही शालेय जिल्ह्यांत प्राथमिक शाळा आणि मिडल स्कूल यांच्या मध्ये अशी वेगळी इंटरमीजिएट शाळा असते. जानेवारीत दुसरे सत्र सुरू झाले, त्याच आठवड्यात शाळेकडून दोन पत्रके एकदम घरी आली. एक होते बँडच्या स्प्रिंग कॉन्सर्टचे आणि दुसरे शारीरिक शिक्षणाच्या तासाला होणाऱ्या फिटनेसग्राम या शारीरिक क्षमतेच्या चाचणीचे. दोन्ही एप्रिलमध्ये लागोपाठच्या आठवड्यांत होती. इतर पालकांनी ती फ्रिजवर चिकटवून ठेवली असतील. मी मात्र ती हातात घेऊन बराच वेळ बसले, कारण मुलाला सौम्य दमा आहे आणि बँडमध्ये त्याच्या वाट्याला आलेले वाद्य युफोनियम, म्हणजे फुंकून वाजवायचे मोठे पितळी वाद्य आहे.

हे वाद्य त्याने मागून घेतलेले नव्हते. येथे सहावीत बँड घ्यायचा असेल तर पाचवीच्या वसंतातच वाद्यनिवड होते. बँड डायरेक्टर प्रत्येक मुलाला पाच-सहा माउथपीसवर फुंकायला लावतात, त्याच्या ओठांची ठेवण आणि दात पाहतात, टाळ्यांचा ठेका ऐकवून तो परत वाजवून घेतात आणि मग मुलाने लिहिलेल्या तीन पसंतींपैकी एक वाद्य देतात. माझ्या मुलाची पहिली पसंती अर्थातच तालवाद्यांना होती. तो तीन वर्षे तबला शिकला असल्यामुळे टाळ्यांची चाचणी त्याने सहज पार केली. परंतु तालवाद्यांच्या विभागात मोजक्याच जागा असतात, आणि तेथे ड्रमच्या जोडीला झायलोफोनसारखी सुरांची वाद्येही स्वरलेखन वाचून वाजवावी लागतात, त्यामुळे पियानो शिकलेल्या मुलांना झुकते माप मिळते. तीनताल तोंडपाठ असणे आणि पाच रेघांवरचे ठिपके वाचता येणे या दोन वेगळ्या विद्या आहेत, हे मला त्या दिवशी कळले. त्याची तिसरी पसंती युफोनियम होती, आणि ती त्याने केवळ यादी पूर्ण करण्यासाठी लिहिली होती.

साताऱ्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंनी ते वाद्य पेटीतून बाहेर निघताना पाहिले आणि लगेच ओळखले. "अगं, हे तर वरातीच्या बँडमधलं!" त्यांचे म्हणणे चूक नव्हते. आपल्याकडच्या बँडपथकांत क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटच्या मागे हेच पितळी धूड असते, आणि मेरठमध्ये अशी वाद्ये पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आली आहेत. बासरी किंवा क्लॅरिनेट पालकांना दुकानातून भाड्याने आणावे लागते. युफोनियम महाग असल्याने ते शाळेचेच होते आणि त्यासाठी आम्हाला वर्षाची ठरावीक फी भरावी लागली. माउथपीस आणि व्हॉल्व्हचे तेल मात्र आमचे आम्ही आणले. स्कूल बसमध्ये एवढी मोठी पेटी नेऊ देत नाहीत, त्यामुळे शुक्रवारी दुपारी ती गाडीत घालून आणणे आणि सोमवारी सकाळी परत पोहोचवणे हे काम वर्षभर माझ्याकडे राहिले. वाजवून झाल्यावर तो खालची कळ दाबून नळीत साठलेले पाणी काढायचा, ते पाहून सासूबाई पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातून बाहेरच आल्या नाहीत. ते बहुतांशी श्वासातल्या वाफेचे पाणी असते, असे नातवाने त्यांना समजावले. पण त्यांच्या लेखी ते उष्टेच होते.

मूळ प्रश्न होता दमसासाचा. बँडच्या तासाची सुरुवात वाद्याशिवाय होते: चार मात्रा श्वास आत, आठ मात्रा बाहेर, मग बारा, मग सोळा. त्यानंतर लांब सूर. मुलाला ते कंटाळवाणे वाटायचे, आणि डिसेंबरपर्यंत तो आठ मात्रांच्या पुढे गेलेला नव्हता. सासूबाई तरुणपणी काही वर्षे गाणे शिकल्या होत्या, त्यांनी ते ऐकले आणि म्हणाल्या, "अरे, हा तर खर्जाचा रियाज आहे. पहाटे आम्हाला हेच करायला लावायचे." त्यानंतर दर शनिवारी आणि रविवारी संध्याकाळी दहा मिनिटे दोघे समोरासमोर बसू लागले. त्या षड्ज लावायच्या, तो युफोनियमवर त्याच्या जवळचा सूर धरायचा, आणि ज्याचा श्वास आधी तुटेल तो हरायचा. फेब्रुवारीअखेरपर्यंत बहुतेक वेळा आजीच जिंकत होत्या.

डॉक्टरांना मी आधीच विचारून घेतले होते. त्यांनी स्पष्ट सांगितले की वाद्य वाजवण्यास हरकत नाही, परंतु वाद्याने दमा बरा होईल अशा समजुतीत राहू नका. औषध वेळेवर गेलेच पाहिजे, आणि धावण्याच्या पंधरा मिनिटे आधी अल्ब्युटेरॉलचे दोन पफ घ्यायचे. आपल्याकडे ज्याला साल्ब्युटामॉल म्हणतात तेच हे औषध. खरी परीक्षा येथून पुढे सुरू झाली, कारण हे दोन पफ शाळेच्या आवारात घ्यायचे होते.

टेक्ससच्या कायद्यानुसार दम्याच्या विद्यार्थ्याला इनहेलर स्वतःजवळ बाळगता येतो आणि वापरता येतो. मात्र त्यासाठी डॉक्टरांचे आणि पालकांचे लेखी संमतिपत्र लागते, आणि औषध त्याच विद्यार्थ्यासाठी लिहून दिलेले आहे हे त्यावरच्या लेबलवरून दिसावे लागते. त्याखेरीज शाळेने दमा-आराखडाही मागितला. त्यात हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यात काय करायचे ते डॉक्टर लिहून देतात. मी सगळे कागद जमवले. डॉक्टरांच्या कचेरीतून सही होऊन यायला अकरा दिवस लागले, ते मी तीन वेळा फोन करून सोसले. अखेर कागद आणि इनहेलर घेऊन मी शाळेच्या नर्सबाईंकडे गेले. त्यांनी कागद पाहिले, इनहेलर उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "लेबल कुठे आहे?" लेबल इनहेलरवर नव्हतेच. औषधाच्या दुकानात ते पुठ्ठ्याच्या खोक्यावर चिकटवतात, आणि ते खोके मी आणल्या दिवशीच कचऱ्यात टाकले होते. येथे नव्याने आलेल्या पालकांना मी ही एक गोष्ट आवर्जून सांगेन: खोके जपून ठेवा, किंवा दुकानात सांगून लेबल थेट इनहेलरवर लावून घ्या.

दुकानाने दुसरे लेबल छापून दिले, परंतु तोवर चाचणीचा पहिला दिवस उजाडला होता. फिटनेसग्राम ही डॅलसच्या कूपर इन्स्टिट्यूटने १९८२ मध्ये सुरू केलेली चाचणी आहे, आणि टेक्ससमध्ये २००७ च्या कायद्यापासून तिसरी ते बारावीच्या शारीरिक शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांची ती दरवर्षी घेतली जाते. तिच्यात दर तीन सेकंदांना एक या गतीने काढायच्या जोरांसारखे (पुश-अप) इतर भागही असतात, पण मुले घाबरतात ती पेसर या धावण्याच्या भागाला. वीस मीटरवर दोन रेषा आखतात. ध्वनिफीत सुरू होते, आणि पुढचा बीप वाजायच्या आत समोरच्या रेषेपर्यंत पोहोचायचे असते. पहिल्या मिनिटात एका फेरीला नऊ सेकंद मिळतात, म्हणजे चालण्यापेक्षा थोडे अधिक. मिनिट संपले की तीन बीप वाजतात आणि वेळ सुमारे अर्ध्या सेकंदाने कमी होतो. दुसऱ्यांदा रेषा चुकली की थांबायचे. सुरुवात इतकी संथ असते की मुले उत्साहाच्या भरात पहिल्याच मिनिटात वेगाने धावतात, रेषेवर जाऊन उभी राहतात आणि पुढे लागणारा श्वास तेथेच खर्च करतात. फेब्रुवारीच्या सरावात माझ्या मुलाने नेमके तेच केले होते. एकोणिसाव्या फेरीला तो खोकत बसला.

त्या पहिल्या दिवशी कोचनी त्याला इनहेलरशिवाय धावू दिले नाही. एप्रिलचा पहिला आठवडा होता, ओकच्या परागकणांचा पिवळा थर गाड्यांवर साचत होता, आणि सकाळपासून तो शिंकत होता. मला हा निर्णय योग्य वाटला, त्याला मात्र अपमान वाटला. जोडीदाराच्या फेऱ्या मोजून कागदावर खुणा करण्याचे काम त्याला दिले होते. घरी आल्यावर तो आजीला म्हणाला, "आजी, जो मुलगा सगळ्यात जास्त धावला ना, तो आधी अगदी हळू धावत होता. बीपच्या आधी पोहोचतच नव्हता. बरोबर बीपला." तबला शिकलेल्या मुलाला हे समेवर येणे वाटले, यात नवल नाही. त्यानंतर दोन संध्याकाळी त्याने मागच्या अंगणात टाळ्या वाजवत, मनात मात्रा धरून वेग बसवला. अंगण बारा मीटरचेच आहे, त्यामुळे तो सराव कितपत खरा होता कोण जाणे.

राहिलेल्या मुलांची चाचणी पुढच्या मंगळवारी झाली. त्या सकाळी त्याने नर्सबाईंच्या समोर, स्पेसर (इनहेलरला जोडायची नळी) लावून, घड्याळात पाहून दोन पफ घेतले. फेऱ्या चौतीस झाल्या. वर्गात त्याचा क्रमांक कितवा होता ते आम्हाला कळले नाही, आणि ते बरेच झाले. ही चाचणी गुण देण्यासाठी नसते, मुलाचे आकडे त्याच्या वयाच्या आरोग्यदायी पट्ट्यात येतात की नाही एवढेच तिच्यात पाहतात. पालकांनी मागितल्यास निकाल मिळतो. मी तो मागितला.

कॉन्सर्ट त्यानंतर दोनच दिवसांनी, गुरुवारी संध्याकाळी होता. पांढरा सदरा, काळी पँट, काळे मोजे, काळे बूट, आणि कार्यक्रमाच्या पाऊण तास आधी हजेरी. काळे मोजे घरात नाहीत हे साडेचारला लक्षात आले आणि अखेर त्याने वडिलांचे घातले. बँडने चार छोट्या रचना वाजवल्या. युफोनियमच्या वाट्याला बहुधा चाल येत नाही. खालून आधार देणारे लांब सूर त्याच्याकडे असतात, त्यामुळे प्रेक्षकांत बसून आपल्या मुलाचा आवाज वेगळा काढणे कठीण जाते. तिसऱ्या रचनेच्या शेवटी मात्र क्लॅरिनेट थांबल्या, ट्रम्पेट थांबले, आणि मागच्या रांगेतले दोन युफोनियम एकच सूर धरून राहिले. सासूबाई माझ्या शेजारी बोटांच्या पेरांवर मात्रा मोजत होत्या. बारा झाल्यावर त्यांनी स्वतःचा श्वास सोडला. वर तो सूर अजून चालू होता.

मेअखेरीस फील्ड डे झाला, रस्सीखेच झाली, पाण्याचे फुगे फुटले, आणि कोणीही काही मोजले नाही. इनहेलरचे संमतिपत्र मात्र शाळेच्या प्रत्येक वर्षासाठी नव्याने भरावे लागते. ऑगस्टमध्ये मुलगा सातवीसाठी दुसऱ्या शाळेत जाणार आहे, युफोनियमही घेऊन जाणार आहे. त्यामुळे डॉक्टरांची जुलैअखेरची वेळ मी आत्ताच ठरवून ठेवली आहे, आणि नव्या इनहेलरचे खोके कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे.