आमची वाटचाल : लाउडस्पीकरच्या धंद्यातून अँबियंट संग्रहाकडे

बेळगावच्या शहापूर भागात आमचा ध्वनिमुद्रणाचा छोटा स्टुडिओ आहे. वडिलांनी व्यवसाय सुरू केला तेव्हा तो लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा होता. लग्न, वास्तुशांत, पारायण, गणेशोत्सव, निवडणुकीची सभा, अशा प्रत्येक प्रसंगी कर्णे, अॅम्प्लिफायर आणि मायक्रोफोन हातगाडीवरून पोहोचवायचे, दोन माणसे दिमतीला ठेवायची आणि कार्यक्रम उरकला की वायरी गुंडाळून परत आणायच्या, असा तो धंदा होता. त्याच घराण्याने विणकर कुटुंबांच्या मदतीसाठी अँबियंट आणि डाउनटेम्पो इलेक्ट्रॉनिक संगीताचा संग्रह काढावा, याचे अनेकांना नवल वाटते. मधल्या काळात काय घडले आणि या संग्रहाने आमच्या व्यवसायाला कोणते वळण लावले, ते येथे नोंदवीत आहे.

ध्वनिप्रदूषणाविषयीचे केंद्र सरकारचे नियम २००० साली लागू झाले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आली, रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावण्यास मनाई झाली, आणि ज्या कार्यक्रमांवर आमचे उत्पन्न अवलंबून होते त्यांचे तास हळूहळू कमी होत गेले. त्यातच मोठ्या भिंतींसारखे स्पीकर आणि डीजे घेऊन येणारे नवे व्यावसायिक आले, आणि त्यांच्याशी बरोबरी करण्याइतके भांडवल आमच्याजवळ नव्हते. वडिलांनी कर्णे विकले, मायक्रोफोन मात्र ठेवले. घराच्या मागच्या खोलीला त्यांनी जुन्या गाद्या आणि काथ्याच्या चटया लावून घेतल्या आणि भजनी मंडळांचे ध्वनिमुद्रण सुरू केले. पुढे रिक्षावरून फिरणाऱ्या जाहिराती, शाळांच्या स्नेहसंमेलनाची गाणी, दुकानांच्या घोषणा अशी कामे येऊ लागली. सीमाभागात एकाच दुकानाची जाहिरात मराठीत आणि कन्नडमध्ये अशी दोनदा मुद्रित करावी लागते. बाहेरच्यांना ती कटकट वाटते. आमच्या स्टुडिओचे भाडे बरीच वर्षे त्या दुसऱ्या मुद्रणावरच निघत आले आहे.

व्यवसाय माझ्याकडे आला त्या सुमारास गावातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुले लॅपटॉप घेऊन स्टुडिओत येऊ लागली. त्यांना गायचे नव्हते, वाजवायचेही नव्हते. घरी हेडफोनवर तयार केलेले संगीत चांगल्या स्पीकरवर ऐकायचे आणि त्यातील दोष काढून घ्यायचे होते. त्यांच्याकडूनच मला अँबियंट आणि डाउनटेम्पो या प्रकारांची ओळख झाली. डाउनटेम्पोत ताल असतो, पण तो संथ असतो. साधारण मिनिटाला सत्तर ते शंभर ठोक्यांच्या आसपास तो फिरतो. अँबियंटमध्ये पुष्कळदा ताल नसतोच. तेथे स्वरांचे थर, त्यांचा पोत आणि अवकाश यांना महत्त्व असते. एरिक साती या फ्रेंच संगीतकाराने १९१७ च्या सुमारास खोलीतील फर्निचरसारखे, मुद्दाम लक्ष वेधून न घेणारे संगीत ही कल्पना मांडली होती, आणि १९७८ साली ब्रायन ईनो यांनी विमानतळासाठी कल्पिलेल्या आपल्या संगीताला अँबियंट हे नाव देऊन या प्रकाराला ओळख मिळवून दिली. लक्ष दिले तर गुंतवून ठेवील आणि न दिले तर त्रास देणार नाही, अशी त्यांची अपेक्षा होती.

आमच्या भागातील कानांना हे फार परके नाही, असे माझे मत आहे. मिरज बेळगावहून रेल्वेने काही तासांवर आहे आणि तेथील तंबोऱ्यांना व सतारींना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीत झाला. गाणे सुरू होण्यापूर्वी तंबोरा लावताना जवारीतून, म्हणजे घोडीवर तारा घासून येणाऱ्या झंकारातून, जे स्वरांचे धुके उठते, ते आपल्याकडील लोक पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आले आहेत. तरीही हे साम्य फार ताणू नये. तंबोऱ्याचा स्वर गायकाला आधार देण्यासाठी असतो. अँबियंटमध्ये आधार असतो आणि गायक येतच नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगाव जिल्ह्यात महापूर आला. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा या नद्यांच्या काठची गावे पाण्याखाली गेली, आणि शहरातही सखल भागातील घरांत पाणी शिरले. आमच्या परिचयातील काही विणकर कुटुंबांचे माग त्यात भिजले. माग घरातच असल्यामुळे घराचे नुकसान आणि धंद्याचे नुकसान एकाच दिवशी होते, ही या व्यवसायाची अडचण आहे. खळ दिलेला ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, भिजला की सूत एकमेकांना चिकटते आणि मागावर चढवलेले सबंध काम काढून टाकावे लागते. यंत्रमागाची मोटर उघडून तिचे वाइंडिंग, म्हणजे तारांची गुंडाळी, नव्याने करावे लागते. लाकडी भाग फुगतात आणि आडवा धागा नेणाऱ्या धोट्याची वाट वाकडी होते. त्यातून सावरेपर्यंत मार्च २०२० मधील टाळेबंदी आली, सूत येणे थांबले आणि साड्यांचा उठावही थांबला. आमच्या स्टुडिओलाही काम नव्हते, पण आमची यंत्रे कोरडी होती.

टाळेबंदीच्या काळात फोनवर झालेल्या बोलण्यातून संग्रहाची कल्पना पुढे आली. बेळगाव, कोल्हापूर, हुबळी-धारवाड, गोवा आणि पुणे येथे घरच्या घरी इलेक्ट्रॉनिक संगीत करणारी जी मंडळी आमच्या परिचयाची होती, त्यांच्याकडून एकेक रचना घ्यायची आणि विक्रीचे उत्पन्न विणकर कुटुंबांना माग दुरुस्त करण्यासाठी व सूत घेण्यासाठी मदत करणाऱ्या एका नोंदणीकृत संस्थेला द्यायचे, असे ठरले. सर्वांसाठी सामाईक सामग्री म्हणून मागाचा आवाज आम्ही मुद्रित करून द्यायचा होता. तो वापरणे मात्र बंधनकारक नव्हते.

हे मुद्रण दिसते तितके सोपे नव्हते. यंत्रमागाच्या शेडमध्ये सगळे माग चालू असताना मायक्रोफोनवर केवळ एक सलग खडखडाट उतरतो आणि त्यातून काहीच वेगळे काढता येत नाही. म्हणून एकच माग चालू ठेवून धोट्याचा ठोका, धागा ठोकून बसवणाऱ्या फणीचा आघात, पट्ट्याची सळसळ आणि मोटरची घरघर अशी वेगवेगळी मुद्रणे केली. विजेच्या ५० हर्ट्झच्या गुणगुणीचा आम्हांला एरवी तिटकारा असतो. येथे तीही राखून ठेवली, कारण दोन-तीन कलाकारांनी तिलाच षड्ज मानून रचना बांधल्या. हातमागाचे मुद्रण वडगावमधील एका वयस्कर विणकरांच्या घरी झाले. मी मायक्रोफोन मागाजवळ लावत असताना ते म्हणाले, "सगळे जण माग बंद करा म्हणून सांगायला येतात, तुम्ही एकटेच ऐकायला आलासा की ओ." त्यांचा ठोका इतका सम होता, की तो संगणकावर सरळ करण्याची गरज पडली नाही, धागा तुटल्यावर ते थांबत, तेवढाच खंड पडे. एका रचनेत ते थांबणेही जसेच्या तसे ठेवले आहे.

रचना मागवल्यावर निवडीचा प्रश्न आला. दानासाठी आहे म्हणून जे येईल ते घ्यावे, असा आग्रह काही मित्रांनी धरला होता. मला तो मान्य नव्हता. ज्याच्या हातात पैसे देऊन संग्रह पडतो तो ग्राहक असतो, आणि सत्कार्याच्या नावाखाली त्याला दुय्यम माल देणे हे मापात मारण्याइतकेच वाईट आहे. संथ म्हणून आलेले बरेचसे संगीत नुसते सुस्त होते. काहींनी बासरी, पाऊस आणि पक्षी एकत्र करून मालिशकेंद्रात वाजवतात तसे काहीतरी पाठवले होते. ते नम्रपणे परत केले. चित्रपटातील संवादाचा तुकडा वापरलेली एक चांगली रचनाही हक्काच्या प्रश्नामुळे बाजूला ठेवावी लागली. शेवटी बारा रचना राहिल्या. त्यांना शब्द नसल्यामुळे संग्रह मराठी की कन्नड हा वाद, जो आमच्याकडे पाटीपासून पत्रिकेपर्यंत कोठेही उद्भवू शकतो, उद्भवलाच नाही. वेष्टणावरील मजकूर आम्ही दोन्ही भाषांत छापला.

यापुढील भाग संगीताइतका रंजक नाही, परंतु आमच्या व्यवसायाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा ठरला. सर्व कलाकार ओळखीचे असल्यामुळे लिखापढीची गरज काय, असे सुरुवातीला सर्वांनाच वाटत होते. आमच्या वकिलांनी कॉपीराइट कायदा १९५७ मधील कलम १९ समोर ठेवले. हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते. क्षेत्र लिहिले नसेल तर ते भारतापुरते मानले जाते. आमची विक्री परदेशातही होणार होती, त्यामुळे तोंडी भरवशावर जाण्यात अर्थ नव्हता. आम्ही हक्क विकत न घेता ठरावीक मुदतीसाठी केवळ या संग्रहात रचना वापरण्याची परवानगी घेतली. रचना कलाकाराचीच राहिली आणि मुदत संपल्यावर ती अन्यत्र देण्यास तो मोकळा राहिला. प्रत्येकाने किती टक्के उत्पन्न सोडले हेही त्याच कागदात लिहिले.

विक्रीसाठी आम्ही बँडकॅम्प हे संगीत विकण्याचे संकेतस्थळ निवडले. तेथे किमान किंमत ठेवून ग्राहकाला हवे तर अधिक देण्याची सोय असते आणि डिजिटल विक्रीवर ते पंधरा टक्के घेतात. पैसे वळते करण्याचा खर्च निराळा. ऐकण्याच्या ठिकाणांवर, म्हणजे स्पॉटिफायसारख्या सेवांवर, संग्रह ठेवण्याचा मोह आम्ही टाळला. तेथे तीस सेकंद ऐकले की एक वेळ मोजली जाते, त्यामुळे अकरा मिनिटांच्या रचनेला आणि दोन मिनिटांच्या गाण्याला सारखाच हिशेब लागतो. संथ संगीताचा त्यात तोटाच आहे. ऑनलाइन पैसे पाठवण्याची सेवा देणाऱ्या पेपलने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात होणारे व्यवहार बंद केले होते, त्यामुळे परदेशी ग्राहकांसाठी एक मार्ग आणि आपल्या लोकांसाठी यूपीआयने पैसे घेऊन डाउनलोडचा कोड पाठवण्याचा दुसरा मार्ग, अशी दुहेरी व्यवस्था करावी लागली. काही कोड आम्ही साडीच्या कापडाच्या तुकड्यांपासून शिवलेल्या छोट्या पिशव्यांत घालून गावातच विकले. खरे सांगायचे तर त्या घेणाऱ्यांपैकी पुष्कळांना पिशवीच अधिक आवडली.

हिशेबाच्या बाबतीत एक नियम आम्ही आधीच लिहून ठेवला होता. विक्रीतून केवळ बँडकॅम्पचे शुल्क आणि पैसे वळते करण्याचा खर्च वजा होईल. मिक्सिंग (वेगवेगळे ध्वनी एकत्र जुळवणे), मास्टरिंग (तयार रचनेची पातळी आणि पोत शेवटचा ठाकठीक करणे), ध्वनिमुद्रण आणि वेष्टण यांचा खर्च आमचा स्टुडिओ सोसेल आणि तो आमच्या वह्यांत प्रत्यक्ष दराने दाखवला जाईल. हा शेवटचा मुद्दा कर सल्लागारांनी सुचवला, आणि त्याचे महत्त्व मला नंतर उमगले. काम फुकट केले असे समजून ते वहीत आणलेच नाही, तर त्याला नेमके किती तास आणि किती वीज लागली हे कधीच कळत नाही, आणि पुढच्या वेळी तेच काम परवडेल की नाही हे अंदाजानेच ठरवावे लागते. ग्राहकांना आम्ही हेही स्पष्ट सांगितले, की त्यांनी केलेली खरेदी ही देणगी नव्हे. देणगीवर प्राप्तिकरात सवलत देणाऱ्या कलम ८०जीची पावती संस्थेकडून आमच्या नावे येईल, आणि ती रक्कम बँकेतूनच जाईल, कारण दोन हजार रुपयांवरील रोख देणगीला ही सवलत लागू होत नाही. संस्थेला दिलेल्या प्रत्येक रकमेचा तक्ता आम्ही सर्व कलाकारांना पाठवत गेलो. आकडे मोठे नव्हते. मागाच्या मोटरचे वाइंडिंग आणि काही बोजे सूत, असा त्यांचा विनियोग संस्थेने कळवला.

मास्टरिंगविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण स्टुडिओची परीक्षा तेथेच झाली. आजकाल आवाजाची पातळी शक्य तितकी चढवून देण्याची पद्धत आहे, आणि आमच्या जाहिरातींची सवयही तीच. या संग्रहात हळू आवाज हळूच राहणे आवश्यक होते. आम्ही सरासरी पातळी मुद्दाम खाली ठेवली, शिखरांना मोकळी जागा दिली, आणि एक रचना संपून दुसरी सुरू होण्यातील अंतर प्रत्येक जोडीसाठी वेगळे बसवले. त्यासाठी रात्री काम करावे लागले, कारण दिवसा गल्लीतील यंत्रमागांचा खडखडाट भिंतीतून आत येत असे. ज्यांच्यासाठी संग्रह होता त्यांचेच माग आमच्या कामात व्यत्यय आणत होते. त्याबद्दल तक्रार करण्याची अर्थातच सोय नव्हती.

या संग्रहानंतर आमच्या कामाचे स्वरूप बदलले. माहितीपटांसाठी पार्श्वध्वनी, प्रदर्शनांसाठी ध्वनियोजना, बाहेरगावच्या कलाकारांचे मास्टरिंग अशी कामे येऊ लागली. त्याहून मोठा बदल कचेरीत झाला. भजनी मंडळाची सीडी असो वा दुकानाची जाहिरात, मूळ मुद्रण कोणाचे, ते कोठे आणि किती काळ वापरायचे, हे आता प्रत्येक कामाच्या कागदावर लिहिले जाते. काही जुने ग्राहक त्याने रागावले. एका काकांनी तर "तुझे वडील असा कागद मागत नव्हते" असे सुनावले. ते खरेच होते, पण वडिलांचे कर्णे संध्याकाळी परत येत असत, आणि डिजिटल फाइल एकदा गेली की परत येत नाही.

दुसऱ्या संग्रहाचे काम आता सुरू आहे. या वेळी खानापूर तालुक्यातील जंगलभागातील ध्वनी सामाईक सामग्री म्हणून देणार आहोत आणि उत्पन्न त्या भागातील पाड्यांवरील मुलांच्या वाचनालयांसाठी जाईल. रचना २४ बिटच्या वॅव फाइलमध्ये, मास्टरिंग न केलेल्या आणि वापरलेल्या प्रत्येक ध्वनितुकड्याच्या परवान्यासह पाठवाव्यात, अशी अट आहे; कराराचा मसुदा मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत तयार असून तो वाचून झाल्यावरच रचना पाठवावी, अशी आमची विनंती आहे.